खोबरेलाची बाटली आणि दक्षिणेची पाखरं

हिरा,

भांडण अर्धं टाकून उठून जायची तुझी खोड जुनीच. शाळेत असताना वाद रंगात आला की तू "माय हाक मारते" म्हणून पळायचास आणि दुसऱ्या दिवशी असा यायचास, जणू काही झालंच नाही. मी मात्र तुला द्यायची उत्तरं घोकून ठेवलेली असायची. ती तशीच वाया जायची. या वेळी तू उठून गेलास तो कायमचा, आणि माझ्याकडे उत्तरं नाहीत, नुसता प्रश्न उरला आहे. कुणाला विचारू? म्हणून तुलाच लिहितो आहे.

तुझ्या दहाव्याला मी खाडीवर आलो होतो. तुमच्या रीतीभाती मला सगळ्या ठाऊक नाहीत, म्हणून जरा बाजूला, टोपी घालून उभा राहिलो. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. एरवी त्या काठावर कावळ्यांचा काय तोटा? मासळीच्या वासानं डोक्यावर नाचत असतात. त्या सकाळी मात्र समोरच्या पडावाच्या डोलकाठीवर गप्प बसून राहिले. तुझा मेहुणा पुढे झाला, म्हणाला, "पोरीचं लगीन आमी करू, तू काळजी सोड." कावळे ढिम्म. तुझा चुलता म्हणाला, "होडी इकनार नाय." तरी ढिम्म. मग मीही मनातल्या मनात म्हटलं, बरं बाबा, तुझंच खरं, मी नाही जात पनवेल सोडून. एकही हलला नाही. शेवटी मागे उभ्या असलेल्या बायकांतून तुझी बायको, सोनावहिनी, पुढे आल्या, वाकून पिंडाजवळ काहीतरी पुटपुटल्या, आणि त्या पाठ फिरवतात न फिरवतात तोच पहिला कावळा उतरला. त्या काय म्हणाल्या ते तेव्हा कुणालाच ऐकू आलं नाही.

लोकांना आपली जोडी नेहमीच विचित्र वाटली. मी इस्राएल आळीतला शमुवेल, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ज्यूंचा, शनवार तेल्यांचा पोर, पुढे कचेरीतला कारकून. तू खाडीकाठच्या कोळीवाड्यातला हिराजी. शनिवारी आमच्या घरात विस्तव पेटवत नाहीत, आणि थंडीत माझ्या आजोबांना सकाळी गरम पाणी लागायचं, म्हणून आईनं तुझ्या मायला सांगितलं, "पोराला पाठवत जा चूल पेटवायला." तुझी माय आमच्याकडे मासळी घेऊन यायची. आम्हाला खवलं आणि पर असलेलीच मासळी चालते, हे तिला आमच्यापेक्षा पक्कं ठाऊक. टोपलीतली कोळंबी ती आमच्या ओट्यावर चढायच्या आधीच फडक्याखाली लपवायची.

चूल पेटवायला म्हणून तू आलास आणि मग येतच राहिलास. शुक्रवारी संध्याकाळी तर काही काम नसताना यायचास. तुला आमचा दिवा बघायचा असायचा. काचेच्या पेल्यात खाली पाणी, त्यावर खोबरेल आणि तेलावर तरंगणारी वात. "शामू, पानी जळतंय रं!" असं तू पहिल्या दिवशी ओरडलास ते आई शेवटपर्यंत तुला चिडवत राहिली. पाणी नाही, तेल जळतंय, असं मी शहाणपणानं सांगितलं. तू विचारलंस, "मंग पान्याला चटका नाय बसत?" आई हसून म्हणाली, "अरे, तेल वर, पाणी खाली. दोघं आपापल्या जागी. कुणाचा कुणाला त्रास नाही." तिच्या त्या वाक्यावर आपण दोघांनी किती वर्षं विश्वास ठेवला!

तू मोठेपणी बोटीवर लागलास, तेही तेलाच्या बोटीवर. आई म्हणाली, शेवटी आमच्याच धंद्यात आलास. बाबांच्या मागे आमचा घाणा बंद पडला होता, पण ती खोबरं वाळवून ओळखीच्या घाण्यावर न्यायची आणि समोर बसून तेल काढून आणायची. त्यातली एक बाटली तुझ्या प्रत्येक सफरीला ठरलेली. "हाताला डांबर लागो, काळं तेल लागो, आधी हे चोळायचं, मग साबण. हात पहिल्यासारखे होतील." बुचावर चिंधी आणि चिंधीवर दोरा. त्या दोऱ्याची गाठ तिची स्वतःची, उलटे फेरे घेऊन मारलेली. ती कुणालाच सुटायची नाही, दोरा कापावाच लागायचा. तू सफरीवरून आलास की आईसमोर दोन्ही पंजे धरायचास, आणि ती शाळामास्तरणीसारखी नखं तपासायची.

तुझं काम टाक्या धुण्याचं. तेल उतरवून बोट रिकामी परत निघाली की भर दर्यात टाक्या धुवायच्या, आणि ते काळं पाणी तिथंच सोडून द्यायचं. टाकीत उतरलं की डोकं हलकं होतं, उगाच हसू येतं, असं तू सांगायचास, आणि आम्हीही खुळ्यासारखे हसायचो. मी एकदा विचारलं, "एवढं काळं पाणी सोडता, त्याचं होतं काय?" तू म्हणालास, "आमचा सारंग बोलतो, दर्या मोठा हाय." सारंग म्हणजे तुमचा मुकादम. त्याचं म्हणणं तुला पटलेलं दिसलं, आणि तुला पटलं म्हणून मलाही.

मग इस्रायलची ती लढाई झाली आणि सुएझचा कालवा बंद पडला. आमच्या आळीत माणसं रेडिओला कान लावून बसली होती. कुणाचा भाऊ तिकडे, कुणाची लेक. त्याच लढाईनं तुमच्या बोटी आफ्रिकेला वळसा घालून पाठवल्या, पार दक्षिणेच्या टोकावरून. तू निरोप घ्यायला आलास तेव्हा मला म्हणालास, "तुज्या देशाच्या लढाईत माजा रस्ता बंद झाला बग." मी म्हटलं, "तो माझा देश नाही." तू नुसता हसलास. तेव्हा ती थट्टा होती.

तुझ्या मायला मात्र थट्टा सुचत नव्हती. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. तिकडे पाय करून निजायचंसुद्धा नाही, आणि पोरगा बोट घेऊन निघालाय तिकडेच! त्या वर्षी धनत्रयोदशीला तिनं यमाचा दिवा लावला नाही. आख्ख्या कोळीवाड्यात वात दक्षिणेकडे करून दिवे लागले, तिचं दार तेवढं काळं. शेजारणींनी बोल लावला तर म्हणाली, "माजा पोर तिकडं हाय. जमाला उजेड दावून त्याची वाट कशाला सांगू?" तुझी तिरडी उचलली तेव्हा ती म्हातारी भिंतीला धरून एकच वाक्य बडबडत होती, की दिवा लावला असता तर बरं झालं असतं.

त्या सफरीवरून तू परत आलास तो पेंग्विन घेऊन. म्हणजे तोंडात. कोळीवाड्यात, आमच्या ओट्यावर, चहाच्या दुकानात, तुझ्याकडे दुसरा विषयच नव्हता. केपच्या त्या बंदरात गोऱ्यांचं राज्य, तुम्हाला धक्क्यापलीकडे पाऊल टाकायची मुभा नाही, पण पाखरांना कोण अडवणार? ती धक्क्याच्या खडकांवर येऊन उभी राहायची. मी म्हटलं, पेंग्विन बर्फात राहतात, पुस्तकात चित्र आहे. तू म्हणालास, "ऊन असं, का पायाला चटके! आन् तुजा बर्फ कुठून आनू? चित्रवाला गेलता का बगायला?" मी म्हटलं, "मग तू तरी गेलास का बर्फात बघायला?" हा वाद आपण चवीनं पुरवून पुरवून खाल्ला. पुढे मी वाचनालयात एक जाड पुस्तक धुंडाळलं. बर्फातही राहतात, तुझ्या केपच्या तापलेल्या बेटांवरही राहतात, अमेरिकेच्या खालच्या अंगाला तर एक जात पार विषुववृत्तापर्यंत जाऊन टेकली आहे. म्हणजे दोघंही बरोबर. तुला ते आवडलं नाही. "मी बगलं ते खरं. बाकीचं तुज्या पुस्तकातलं," म्हणालास. मला त्या पुस्तकातली एकच गोष्ट खटकली होती, ती मी तुला सांगितली नाही. त्यांचा सगळा मुलूख दक्षिणेतच आहे.

तू सांगायचास ते सगळंच मजेचं नव्हतं. बेटाजवळ बोट नांगरून पडली की संध्याकाळी पाण्यावरून गाढवं ओरडल्यासारखा आवाज यायचा, शेकडो गाढवं, आणि बेटावर गाढव एकही नाही. तीच ती पाखरं. पूर्वी म्हणे ती आपल्याच साठलेल्या विष्ठेत बिळं खणून सावलीला अंडी घालत. माणसांनी ती विष्ठा खत म्हणून खरवडून नेली, आता खाली नुसता खडक, आणि पाखरं उघड्यावर, उन्हात अंडी धरून उभी. तरी बेट सोडत नाहीत. तुमच्या भंडाऱ्यानं, म्हणजे बोटीवरच्या आचाऱ्यानं, एकदा त्यांची अंडी आणली. तास न् तास उकळली तरी पांढरं काही पांढरं होईना. काचेसारखंच राहिलं, आणि आतला बलक आरपार दिसायचा. "डोळ्यावानी, शामू. अंडं माज्याकडं बगत व्हतं." तू खाल्लं नाहीस. वर मला विचारलंस, "तुमच्यात चालंल काय रं हे पाखरू? पोहतं मासळीवानी, पर हायत, खवलं नायत." आई आतून म्हणाली, "नाही चालणार. जे मासाही नाही आणि धड पाखरूही नाही, त्याच्या वाटेला जाऊ नये."

पण आईला खरी आवडली ती पुढची गोष्ट. एक पेंग्विन धक्क्यापाशी आला तो काळ्या तेलानं माखलेला. पोट पांढरं असतं तेही काळं, डोळे तेवढे उघडे. बाकीचे खलाशी हसत होते. तू त्याला कांबळ्यात गुंडाळलंस, तो तुझ्या मनगटाला चावला, तरी तू आईची बाटली काढलीस, खोबरेल चोळून चोळून त्याचं डांबर सोडवलंस, साबणानं आंघोळ घातलीस, लहान पोराला घालावी तशी. लख्ख झाला. मग पायऱ्यांवरून पाण्यात सोडलास, तर झपकन गेला! आई डोळ्याला पदर लावून ऐकत होती. आमच्या घाण्याच्या तेलानं जगाच्या टोकावरचं पाखरू वाचलं, हे तिनं आळीत घरोघर सांगितलं, प्रार्थनेला जमलेल्या बायकांना सांगितलं, इस्रायलला गेलेल्या माझ्या मावशीला पत्रातून कळवलं. आणि तुला पुढच्या सफरीला नेहमीपेक्षा मोठी बाटली दिली. तू ती दोन्ही हातांनी घेतलीस आणि मान खाली घातलीस. मला वाटलं, लाजलास.

आळी एव्हाना रिकामी व्हायला लागली होती. दर महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या दाराला कुलूप लागायचं. शुक्रवारी दिवे कमी दिसायचे. प्रार्थनेला दहा पुरुष जमावे लागतात, ते जमेनात, तेव्हा आम्ही कुणीतरी येईल म्हणून दाराकडे बघत बसायचो. माझ्या बायकोचे, रिबकाचे भाऊ तिकडे इस्रायलला गेले, तिच्या आईला घेऊन गेले. मग आमचेही कागद आले. रिबका जायला तयार, पोरं तर नाचायलाच लागली, आई म्हणाली, "तू म्हणशील तसं." म्हणजे सगळं माझ्यावर आलं, आणि मी तुझ्याकडे आलो.

तू असा पेटलास! "तुज्या बापाची, आज्याची हाडं हितं हायत, आन् तू चाललास?" मी म्हटलं, आमचे पूर्वज बोट फुटून याच किनाऱ्याला लागले होते, आम्ही मुळातच वाहून आलेले. तू म्हणालास, "वाहून आला तो परका. जलमला तो हितलाच. ती पाखरं बग. लोकांनी बिळं खरवडली, अंडी नेली, दर्यात तेल सोडलं, पन जागा नाय सोडली त्यांनी. जिथं जलमली तिथंच येतात. आन् तू मानूस!" मी म्हटलं, "म्हणूनच मरतात ती." तू म्हणालास, "मरूं दे. आपल्या जागेवर मरतात." आणि मग ते जुनं वाक्य बाहेर आलं. "तो तुजा देश नाय बोलला व्हतास. मंग चाललास कशाला?" तू उठलास आणि गेलास, भांडण तिथंच टाकून.

तेव्हाच तुझा खोकला सुरू झाला होता. पुढच्या सफरीच्या आधी डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि तुला बोटीवर घेतलंच नाही. तू कोळीवाड्यात परतलास, जाळी विणत बसायला लागलास. आईनं त्या वर्षीही बाटली बांधली. घरी असलास म्हणून काय झालं, होडीला डांबर लावशीलच की. तीही तू घेतलीस.

मग एका रविवारी तू निरोप पाठवलास, चल मोऱ्याच्या बंदराला, माझ्या मावशीकडे जायचंय. उरणच्या एस.टी.त आपण शेजारी बसलो. मोऱ्याच्या धक्क्यावर मुंबईच्या लाँचला गर्दी होती. ओहोटी लागलेली. चिखलावर काळी साय धरली होती, उन्हात तिच्यावर रंग फिरत होते, आणि वास माझ्या ओळखीचा, तू सफरीवरून आलास की तुझ्या पेटीला यायचा तोच. एक कोळीण रिकामी पाटी घेऊन बसली होती. तू विचारलंस तर म्हणाली, "कोन्या बोटीनं घान सोडली देव जाने. कालवण केलं का घासलेटचा वास. मुंबईवाले पाटीला हात लावत नाय." धक्क्याच्या पायरीवर एक पाणकावळा बसला होता. तो मुळातच काळा, म्हणून आधी काही कळलं नाही. मग बघितलं तर पंख पसरून वाळवत होता, आणि ते मिटतच नव्हते. माणसं त्याला ओलांडून लाँचमध्ये चढत होती.

तुला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "आईकडून तेल आणू का? तुझ्या पेंग्विनसारखं धुऊन काढू याला." तू माझ्याकडे वळलास तो चेहरा मी विसरणार नाही.

"ते बुडालं, शामू," म्हणालास.

आणि मग त्या पायरीवर बसून तू खरं ते सांगितलंस. "धुतलं, चांगलं झालं, पान्यात सोडलं. पोहलं थोडं. मंग बसाय लागलं, भोक पडल्या होडीवानी. मान वर करून माज्याकडं बगत व्हतं. मी हात केला, ये, ये, परत ये. आलं नाय. गेलं खाली." तिथल्या एका म्हाताऱ्या नावाड्यानं तुला खुणांनी समजावलं होतं. पाखराच्या अंगाला त्याचं स्वतःचं तेल असतं, त्याच्या जोरावर ते पाण्यात कोरडं राहतं. तू काळं तेल काढलंस आणि त्यासोबत ते अंगचं तेलही धुऊन टाकलंस. पिसांत पाणी शिरलं. "आमी हात धुतो तसं मी त्याला धुतलं, शामू. आपल्या हाताला काय होतंय? मना वाटलं, त्यालाबी तसंच." आईला सांगवलं नाही, म्हणालास. ती एवढी खूश झाली होती.

मी काहीतरी म्हणायला हवं होतं. तू भल्यासाठीच केलंस, असलं काही. पण तू थांबला नव्हतास. समोरच्या काळ्या चिखलाकडे बघून म्हणालास, "आन् ह्या टाक्या कोनी धुतल्या? माज्यावानीच कोनीतरी. दर्या मोठा हाय बोलून." मग माझा हात धरलास. "तुज्या जान्याचं बोलायचं हाय. मी तवा बोललो ते पाखरांचं... शामू, ते..." आणि खोकला आला. तो थांबेचना. लाँचचा भोंगा झाला, माणसं धावली, मावशीचा पोर पाणी घेऊन आला. खोकला थांबला तेव्हा तू इतका दमला होतास, की मी म्हटलं, राहू दे, मग बोलू.

ते "मग" आलं नाही. मी तुला दवाखान्यात बघायला यायचो तेव्हा तू डोळे मिटून असायचास. एकदा उघडलेस आणि एवढंच विचारलंस, "आय बरी हाय?" माझ्याच आईला तू आय म्हणायचास. मी म्हटलं, बरी आहे, तुझ्यासाठी दुवा मागते. तू पुन्हा डोळे मिटलेस.

हिरा, तुझ्या त्या अर्ध्या वाक्यानं माझी झोप उडवली आहे. जागा न सोडणारं पाखरू तेलात मरतं, हे तुला आधीपासून ठाऊक होतं. धुऊन, लख्ख करून सोडलेलं पाखरू स्वच्छ पाण्यात बुडतं, हेही ठाऊक होतं. मग माझ्याबद्दल तू काय म्हणणार होतास? थांब म्हणणार होतास, की जा? तुझा हा शामू पनवेलची मराठी बोलतो, बोंबलाच्या वासावर वाढला, तुमच्या होळीला आधी नमस्कार आणि मग बोंब मारतो. हे सगळं अंगावरून धुतलं गेलं, तर परक्या पाण्यात तो कशाच्या जोरावर कोरडा राहणार? की इथं खाडी काळी होत जाताना, दहावा माणूस मिळत नाही अशा प्रार्थनेत, दाराकडे बघत बसायचं? तू शहाणा नव्हतास, माझ्यासारखाच होतास, पण तुझ्याशी भांडून मला माझं मत कळायचं. ती सोय गेली. याचा मला तुझ्यावर राग आहे, आणि तो राग कुणाला सांगता येत नाही.

बारावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सोनावहिनी आमच्याकडे आल्या. आई बाजारात गेली होती. वहिनी ओट्यावर टेकल्या, पदराखालून बाटली काढली आणि माझ्यासमोर ठेवली. आईची बाटली. भरलेली. बुचावर चिंधी, चिंधीवर दोरा, आणि ती गाठ. "ह्यांच्या पेटीत सगल्या तशाच हायत, शामूभाव. एकपन उघडली नाय. मी विचारलं तर बोलायचे, राहूं दे." त्या पाखरानंतर तू हाताला खोबरेल लावलंच नाहीस! मग आईपुढे ते पंजे कशानं घासून धरायचास? मला आठवलं, अलीकडे तुझी कातडी सोलल्यासारखी दिसायची. तुझ्या हातांना घासलेटचा वासही यायचा, आणि मी काही विचारलं नव्हतं.

मग मी त्यांना विचारलं, त्या दिवशी पिंडापाशी काय म्हणालात. त्या म्हणाल्या, "शेवटच्या दिशी त्यांनी सांगितलं व्हतं. एक बाटली शामूला दे. तिकडं त्याला लागंल. मी रडन्यात इसरले. कावला शिवंना तवा ध्यानात आलं. मंग बोलले, देते मी बाटली, जाऊं द्या शामूभावना. तवा शिवला."

तिकडं लागंल. एवढंच. जागेवर मर म्हणणारा तू, आणि तूच मला सोडलंस. मी त्या ओट्यावर बसून रडलो, हिरा. वहिनी नाही रडल्या. माझ्याकडे बघत राहिल्या.

काल शुक्रवार होता. मी दोरा कापला आणि तुझ्या बाटलीतलं तेल दिव्यात घातलं. जुनं झालेलं, जरा खवट. आईनं वास घेतला, ओट्यावर पडलेला दोऱ्याचा तुकडा उचलला, बोटांनी चाचपला. "वापरलंच नाही का रे त्यानं?" मी म्हटलं, "वापरलं, आई. ही शेवटची तेवढी राहिली." तो तुकडा तिनं कनवटीला लावला आणि वात पेटवली. तुझ्या पेंग्विनची गोष्ट ती तिकडच्या बायकांनाही सांगणार आहे. सांगू दे. मी तिला खरं सांगणार नाही, तू सांगितलं नाहीस तसंच.

आमचं जायचं ठरलं आहे. उरलेली बाटली मी बरोबर नेतो आहे, पोरांच्या कपड्यांत गुंडाळून. तिकडे डांबर असेल का, खाडी असेल का, मला काही ठाऊक नाही. तुझ्या मायला मी सांगून ठेवलं आहे, यंदा धनत्रयोदशीला यमाचा दिवा लाव, आता त्याला लपवण्यासारखं तिच्याकडे काही उरलेलं नाही. ती "व्हय" म्हणाली.

एकच गोष्ट मनातून जात नाही. त्या पाखराला तू सोडलंस तेव्हा निदान काठावर उभा होतास. ते बुडायला लागलं तसा हात करत होतास, ये, ये, परत ये. मलाही तू सोडलंस, त्याच तेलानं, त्याच हातानं. पण मी पाण्यातून मान वर करून बघेन तेव्हा काठावर तू नसशील, हिरा.